सायडर आणि घराचा उंबरठा

गेल्या काही वर्षांत वजन उतरवण्याच्या नादात एक बाटली आपल्याकडे घरोघर पोचली आहे. औषधांच्या दुकानात मिळते, वाण्याकडेही मिळते. तिच्यावर तीन शब्द असतात: ॲपल, सायडर आणि व्हिनेगर. ॲपल म्हणजे सफरचंद हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. व्हिनेगर म्हणजे सिरका, तोही आपल्या ओळखीचा. मधल्या शब्दाकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. विचारलंच तर उत्तर येतं, 'असेल सफरचंदाची एखादी जात!'

सायडर ही सफरचंदाची जात नव्हे. ती दारू आहे. सौम्य, साधारण चार ते आठ टक्क्यांची, पण दारूच. सफरचंद ठेचून, दाबून रस काढला आणि तो पिंपात ठेवला की यीस्ट त्यातली साखर खातं आणि तिचा मद्यार्क करतं. ही झाली सायडर. ती हवेला उघडी राहिली की दुसरे जिवाणू येतात आणि त्या मद्यार्काचं आम्ल करतात. हा झाला सिरका. ज्यानं कोकणात माडाखाली बालपण काढलंय त्याला हे समजावून सांगायला नको. पहाटे उतरवली ती नीरा, ऊन चढलं की माडी, आणि विसरून ठेवली की स्वयंपाकाला शिर्का. एकाच रसाचे हे तीन जन्म.

आज मला बोलायचंय ते मधल्या जन्माविषयी, आणि लोकांनी घरच्या घरी या सायडरमध्ये काय काय मिसळलं याविषयी. मी स्वतः मद्य घेत नाही. आमच्या घराचं वळण तसं नाही. पण ज्या शायरीवर माझा पिंड पोसला तिच्यात साकी आहे, पैमाना आहे, मयखाना आहे. त्यामुळे पेल्यापर्यंत गेलो नाही तरी शब्दांच्या मागे मागे त्याच्या आसपास पुष्कळ हिंडलो. सायडरपर्यंतही मी शब्दाच्याच वाटेनं पोचलो.

हिब्रू भाषेत 'शेखार' म्हणजे कडक पेय. अरबीत त्याचा सख्खा भाऊ आहे 'सुक्र', म्हणजे नशा. सूफी मंडळी ईश्वरी प्रेमाच्या धुंदीला हाच शब्द वापरतात, आणि शुद्धीवर असण्याला 'सह्व' म्हणतात. हा हिब्रू शब्द ग्रीकमध्ये 'सिकेरा' झाला, लॅटिनमध्ये 'सिसेरा', फ्रेंचमध्ये 'सिद्र' आणि इंग्रजीत 'सायडर'. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणलं. त्यात योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या जन्माची वर्दी देणारा देवदूत सांगतो की हा मुलगा द्राक्षमद्य आणि 'सिडिर' पिणार नाही. अशी एक जुनी हस्तलिखित प्रत हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये आहे आणि तिला लोक 'सायडर बायबल' म्हणतात. या योहानाला आम्ही हजरत याह्या म्हणतो. ज्यानं जन्मभर नशेला हात लावायचा नव्हता, त्याच्याच कथेत या पेयाचं नाव इंग्रजी बायबलात शिरलं आहे!

शब्द पश्चिम आशियातून गेला, तसं फळही पूर्वेकडूनच गेलं. सफरचंदाचा मूळ रानटी पूर्वज आजही तिएनशान पर्वताच्या उतारावर, कझाकस्तानात उगवतो. तुर्की भाषांत सफरचंदाला 'अल्मा' म्हणतात आणि तिथल्या अल्माटी या शहराच्या नावात तोच शब्द ऐकू येतो. काफिल्यांच्या वाटेनं हे फळ इराणात आणि पुढे युरोपात गेलं. सफरचंदाची एक खोड आहे. बी पेरली तर आईसारखं फळ येत नाही. गोड झाडाच्या बीतून तुरट, आंबट, तोंड वाकडं करणारं झाड निघू शकतं. हवं तेच फळ हवं असेल तर कलमच करावं लागतं. मग या तुरट, आंबट फळांचं करायचं काय? खायला निरुपयोगी अशा फळांची सायडर मात्र उत्तम होते, कारण तुरटपणानं तिला अंग येतं आणि आंबटपणानं धार. इंग्लंडच्या पश्चिमेकडचे हेरफर्डशायर, सॉमरसेट, डेव्हन हे परगणे आणि समुद्रापलीकडचा नॉर्मंडी हा त्या फळांचा मुलूख.

सतराव्या शतकात या गावठी पेयाला इंग्लंडमध्ये मोठा मान मिळाला. लॉर्ड स्कुडामोर यांनी हेरफर्डशायरात 'रेडस्ट्रीक' नावाची जात नावारूपाला आणली. जॉन एव्हलिन यांनी १६६४ साली झाडांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला सायडरवरची 'पोमोना' नावाची पुरवणी जोडली. त्याच सुमारास एक मजेची गोष्ट घडली. लाकूड आरमाराला हवं म्हणून काचेच्या भट्ट्यांत ते जाळायला १६१५ मध्ये राजानं बंदी केली होती. काचवाले दगडी कोळशाकडे वळले. त्या जास्त आचेवर काच पूर्वीपेक्षा मजबूत होऊ लागली. अशा जाड बाटलीत सायडर भरून थोडी साखर टाकली आणि बूच घट्ट बसवलं, की आत पुन्हा फसफस सुरू होई, आणि बाटली फुटत नसे. फेसाळणाऱ्या शॅम्पेनचं श्रेय ज्यांच्या नावावर जमा आहे ते दॉम पेरिन्यों आपल्या मठात १६६८ साली आले. इंग्रज त्याआधीच सायडरचे बुडबुडे काढत होते.

या पेयाच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते १७६३ हे साल. इंग्लंड सात वर्षांच्या युद्धातून नुकतंच बाहेर पडत होतं. हे युद्ध आपल्या भूमीवरही लढलं गेलं. वांदिवाशची लढाई त्यातलीच. तिजोरी रिकामी झाली होती. पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांच्या सरकारनं सायडरवर कर बसवला, हॉग्जहेड नावाच्या मोठ्या पिंपामागे चार शिलिंग. रक्कम फार नव्हती. संताप झाला तो वसुलीच्या रीतीवर. कर सायडर करणाऱ्यावर होता. सायडर तर घराघरात व्हायची, मागच्या पडवीत, गोठ्याशेजारी. म्हणजे अबकारी शिपायाला घरात शिरून पिंपं मोजण्याचा अधिकार मिळाला. जो शेतकरी फक्त आपल्या घरच्यांसाठी सायडर करी, तोही या चौकशीतून सुटला नाही. पश्चिमेचे परगणे पेटले. ब्यूट या नावाचा उच्चार आणि 'बूट' हा शब्द जवळचे, म्हणून जमावानं भर चौकात बूटच फासावर टांगले आणि जाळले. एप्रिल १७६३ मध्ये ब्यूट पायउतार झाले. १७६६ मध्ये तो कायदा मागे घेण्यात आला.

थोरल्या विल्यम पिट यांचं एक प्रसिद्ध भाषण याच वादातलं म्हणून सांगितलं जातं. आशय असा, की गरिबातल्या गरिबाची झोपडी डळमळीत असेल, तिच्यातून वारा शिरेल, पाऊस शिरेल, पण इंग्लंडचा राजा शिरू शकणार नाही. सायडरच्या पिंपावरून निघालेलं हे बोलणं फार दूरवर गेलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यातल्या न्यायमूर्ती नरिमन यांच्या निकालपत्रात पिट यांच्या या उद्गारांची आठवण काढलेली आहे. नागरिकाच्या उंबरठ्याचा मान राखणाऱ्या विचारामागे कुठेतरी डेव्हनच्या शेतकऱ्याचं आंबट पेयही आहे, हे मला विलक्षण वाटतं. आणि हेही ध्यानात ठेवायला हवं की आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्याच्यानुसार घरात बसून पिणाऱ्यालाही परवाना लागतो.

पण शेतकऱ्याच्या घराची बाजू घेताना त्याच्या शेतात राबणाऱ्याला विसरता येत नाही. या परगण्यांत मजुराच्या मजुरीचा एक हिस्सा सायडरच्या रूपात दिला जाई. गवतकापणीच्या दिवसांत मजूर लाकडाचं लहानसं पिंप खांद्याला अडकवून शेतावर जात आणि मालक ते भरून देई. बहुतेकदा ही पहिल्या धारेची सायडर नसे. रस काढून उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतून तो पुन्हा दाबायचा आणि जे पाणचट निघेल ते मजुरासाठी. ज्या बाटलीचं शास्त्रज्ञांनी कौतुक केलं ती साहेबाच्या मेजावर, आणि चोथ्याचं पाणी बांधावर. आपल्याकडे बलुत्याचा इतिहास ज्यांनी सोसलाय त्यांना यातली गोम लगेच कळेल. पैशाऐवजी वस्तू मिळाली की तिचं मोल देणाराच ठरवतो. आणि ती वस्तू दारू असेल, तर मजुरी घरी पोचतच नाही, ती शेतावरच संपते. बायकोच्या हातात काय पडणार? अखेर १८८७ च्या कायद्यानं शेतमजुराला मजुरीचा भाग म्हणून मादक पेय देण्याला मनाई केली. योगायोग असा, की त्याच साली हेरफर्डमध्ये पर्सी बुल्मर या तरुणानं सायडरचा कारखाना सुरू केला. घरची, शेतावरची सायडर कारखान्याची होऊ लागली.

याच सायडरनं डेव्हनमध्ये दुसरंही एक दुखणं दिलं होतं. तिथे दरवर्षी हंगामात लोकांना पोटात भयंकर कळा येत, हात लुळे पडत, काही जण दगावत. आंबट सायडरमुळे होतं, असं सगळे म्हणत. जॉर्ज बेकर या मूळ डेव्हनच्याच वैद्यानं १७६७ मध्ये दाखवून दिलं की हा शिशाचा प्रताप आहे. डेव्हनमध्ये रस काढण्याच्या यंत्रांना शिशाचा पत्रा, शिशाचे सांधे असत. आम्ल रसात शिसं उतरे. हेरफर्डशायरात शिसं वापरत नसत, म्हणून तिथली सायडर निर्दोष होती. बेकर यांच्यावर त्यांच्याच मुलखातले लोक तुटून पडले, धंदा बुडवतोस म्हणाले. पण हळूहळू शिसं गेलं, आणि दुखणंही गेलं.

आता मिसळण्याकडे वळू. इंग्रजांना पेयं मिसळण्याची गोडी लागली त्यात आपला हात आहे. 'पंच' हे पेय सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी आपल्याच किनाऱ्यांवर उचललं. १६३२ च्या कंपनीच्या एका पत्रात त्याचं नाव येतं. जॉन फ्रायर हा डॉक्टर शिवछत्रपतींच्या काळात इथे होता. तो लिहितो की पंच म्हणजे हिंदुस्थानी भाषेत पाच, कारण त्यात पाच जिनसा पडतात. काही भाषापंडितांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, पण मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला ही पाचांची पंगत मात्र खरी. पुढे अशाच पंगतीत पाण्याच्या जागी सायडरही येऊन बसली.

इंग्लंडमध्ये सायडर मिसळण्याची घरगुती रीत त्याहूनही जुनी होती. नाताळनंतरच्या थंडीत सायडर किंवा एल कोमट करून त्यात जायफळ, सुंठ, साखर आणि भाजलेली सफरचंदं टाकत. भाजलेल्या सफरचंदाचा गर फुटून वर पांढरा फेस येई, म्हणून त्या पेयाला 'लॅम्ब्स वूल', म्हणजे कोकराची लोकर म्हणत. ते घेऊन लोक बागेत जात, झाडाच्या बुंध्याशी थोडं ओतत आणि येत्या वर्षी भरपूर फळ दे म्हणून झाडाला गाणी ऐकवत.

इंग्रज अमेरिकेत गेले तेव्हा सफरचंदाच्या बियाही बरोबर गेल्या. बियांची झाडं, म्हणजे आंबटतुरट फळं, म्हणजे पुन्हा सायडर. दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स सकाळी उठल्याबरोबर पेलाभर सायडर पीत. तिथे सायडरमध्ये रम घालून जे पेय होई त्याचं नाव 'स्टोन फेन्स', दगडी कुंपण. दंतकथा अशी, की मे १७७५ मध्ये टिकॉन्डरोगाचा किल्ला घेण्याआधी एथन ॲलनच्या शेतकरी शिपायांनी व्हरमाँटच्या खाणावळीत हेच पेय ढोसलं होतं. किल्ला १० मे रोजी पडला, एवढं मात्र इतिहासात पक्कं आहे.

१८४० च्या निवडणुकीत तर सायडर उमेदवाराच्या प्रचाराला उतरली. विल्यम हेन्री हॅरिसन यांची टर उडवायला विरोधकांच्या बाजूच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं, की या म्हाताऱ्याला एक पिंप सायडर द्या, तो लाकडाच्या खोपटात सुखानं बसून राहील. हॅरिसन यांच्या पक्षानं तीच शिवी उचलली आणि मिरवणुकीत खोपटं आणि सायडरची पिंपं फिरवली. गरिबांचा माणूस! वास्तविक हॅरिसन व्हर्जिनियातल्या खानदानी जमीनदार घरात जन्मले होते. ते निवडून आले, आणि शपथ घेतल्यानंतर महिन्याभरात वारले. त्यांचं नाव एका पेयात मात्र टिकलं. जेरी थॉमस यांचं १८६२ चं मद्यमिश्रणाचं पुस्तक या विषयावरचं अमेरिकेतलं पहिलं मोठं पुस्तक मानलं जातं. त्यात 'जनरल हॅरिसनचं एगनॉग' आहे: एक अंडं, साखर, बर्फ आणि वर सायडर. दगडी कुंपणही त्यात आहे, पण रमची जागा व्हिस्कीनं घेतलेली. एक लहान पेला व्हिस्की, बर्फाचे दोनतीन खडे, आणि वर गोड सायडर. एवढंच. घरी करायला याहून सोपं मिश्रण नसेल.

पुढे अमेरिकेत शहरं वाढली, जर्मन लोकांबरोबर बिअर आली आणि १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी झाली. सायडरची पिंपं गेली, पण शब्द उरला. म्हणून आजही अमेरिकन माणूस नुसतं सायडर म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा न गाळलेला गोड रस असतो, आणि दारूला तो 'हार्ड सायडर' म्हणतो. ब्रिटिश माणूस म्हणतो ती थेट दारूच. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनी हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सायडरमध्ये आंबट, गोड, तुरट आणि फसफस असं चारही असतं, म्हणून ती मिश्रणाला फार बरी, लिंबू आणि सोडा दोन्हींचं काम एकटी करते, असं जाणकार सांगतात. पण ती सोडा नव्हे. चाळीस टक्क्यांच्या साठ मिलिलीटर व्हिस्कीत चोवीस मिलिलीटर शुद्ध मद्यार्क असतो. त्यात कितीही सोडा ओता, तो चोवीसच राहतो. त्याऐवजी पाच टक्क्यांची एकशे ऐंशी मिलिलीटर सायडर ओतली, तर नऊ मिलिलीटरची भर पडते आणि बेरीज तेहेतिसावर जाते. चव सरबताची, आणि नशा पूर्वीपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त. हे दगडी कुंपण गोड लागतं म्हणूनच त्याला माणसं धडकतात. यजमानानं पेला भरताना हे सांगायला हवं. पाहुण्याला गाडी चालवत घरी जायचं असेल, तर त्याच्या पेल्यात हे पडताच कामा नये.

आणि ज्या पाहुण्याला मुळीच प्यायची नाही त्याचं काय? त्याच्यासाठी सफरचंदाचा तिसरा जन्म आहे. अरबीत 'श-र-ब' हे धातूचं मूळ म्हणजे पिणं. त्यातून शराब निघाली, सरबत निघालं, इंग्रजीतलं 'सिरप' निघालं आणि 'श्रब' नावाचं पेयही निघालं. इंग्लंडात श्रब म्हणजे रम किंवा ब्रँडीत फळांचा रस असे. अमेरिकेत मात्र फळं, साखर आणि सिरका यांचा पाक करून ते थंड पाण्यात मिसळण्याची रीत एकोणिसाव्या शतकात घरोघर रुळली. सिरक्याला आमच्याकडे मान आहे. तो उत्तम तोंडीलावणं असल्याचं पैगंबरसाहेबांनी सांगितल्याची हदीस आहे. मद्य आपोआप आंबून सिरका झालं तर ते हलाल, यावर फिक्हच्या चारही पंथांचं एकमत आहे. मुद्दाम कुणी केलं तर मात्र त्यांच्यात मतभेद आहेत.

तेव्हा ती वजन उतरवण्याची बाटली घरात पडून असेल, तर एक करून पाहा. वाटीभर डाळिंबाच्या दाण्यांत किंवा चिरलेल्या पेरूत तेवढीच साखर घालून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी सुटेल ते गाळून घ्या आणि त्यात चवीपुरता हा सिरका घाला. दोन चमचे पेल्यात, वर गार पाणी किंवा सोडा, चिमूटभर जिरेपूड. आंबटही लागेल, गोडही, आणि घशाशी किंचित झणकाही येईल. मैफलीत सगळ्यांच्या हातात सारखेच पेले असले, की कोणाच्या पेल्यात काय आहे हे कोणी विचारत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)